दोन चांदण्या कुटं गेल्या?

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि त्या बत्तीस वर्षांत निबंधाला दहापैकी दहा मार्क एकाही पोराला दिले नाहीत. सात दिले तर पोरगं वही घेऊन गल्लीभर नाचायचं. भाषेला पैकीच्या पैकी द्यायचे नसतात, असं आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या बाईंनी सांगितलं असणार. वहीच्या तळाशी लाल शाईनं ‘सुधारणेस वाव आहे’ एवढं लिहिल्याशिवाय मला वही तपासल्यासारखंच वाटायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण या एका खोडीतून घडलं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका खानावळीत, आत शेगडीपुढं, माझी एक जागा होती. ती मी माझ्या हातानं घालवली.

खानावळ अक्काची. शाळेच्या मागच्या बोळात तिचं घर. घरची भाषा तेलुगू, पिढ्यान्‌पिढ्या विणकरी. पुढच्या खोलीत नवऱ्याचा माग होता, तो विकला आणि त्या जागी चार टेबलं आली. जेवायला यायचे ते आजूबाजूचे दुकानदार, शिलाईवाले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळी करून सायकलीवर येणारे कामगार. पाटी नव्हती. पाटी कशाला हवी, भाकरी थापल्याचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत यायचा.

मी एकटी. लग्न केलं नाही, का केलं नाही ते सांगण्याची ही जागा नव्हे. आमची सकाळची शाळा, पावणेअकराला सुटायची, आणि अकराच्या ठोक्याला मी अक्काच्या दारात. बाहेरची गिऱ्हाइकं साडेबारापासून. त्यामुळं मला बाहेर टेबलावर बसवायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात तिनं मला आत बोलावलं, शेगडीच्या अलीकडं एक पाट टाकला आणि म्हणाली, “हितं बस. तितं एकटी काय भूतावानी बसतीस?”

ती समोर आपल्या पाटावर. मध्ये आमटीचं पातेलं. देवाला नैवेद्याची वाटी गेली की दुसरी वाटी माझ्या हातात यायची आणि अक्का म्हणायची, “उप्पू चूडू.” तेलुगूत मीठ बघ. बत्तीस वर्षं सोलापुरात नोकरी करून मला तेलुगू येतं ते एवढंच. मी एक घोट घ्यायची आणि सांगायची, बरोबर आहे, किंवा चिमूटभर टाक. ती टाकायची. आणि मग मेथी नाहीतर शेपू निवडत आमच्या गप्पा. शाळेतल्या हेडबाईंपासून तिच्या नणंदेच्या बांगड्यांपर्यंत एक विषय सुटायचा नाही.

तिची एक गंमत होती. रांधताना ती कणभरही चाखायची नाही. सासूचा दंडक होता तसा, दहा माणसं जेवायची थांबलीत तोवर रांधणारीनं तोंड उष्टं करायचं नाही. सासू जाऊन जमाना झाला, दंडक तसाच. दुपारी तीनला शेवटचं गिऱ्हाईक उठलं की मग ही बाई पहिला घास घेणार. मी चिडवायची, “अगं, सासू काय पातेल्यात बसलीय का बघायला?” ती म्हणायची, “बसलीया. तुला दिसत न्हाय.”

मी तिला अक्का म्हणायची, तीही मला अक्काच म्हणायची. मोठी कोण यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही, कारण तिच्या जन्माची तारीख तिच्या आईलाही माहीत नव्हती. अशी अठरा वर्षं गेली. मला त्याचं काही विशेष वाटायचं नाही. रोज मिळतं त्याचं कुणाला विशेष वाटतं?

मग मी निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळेना की उठून करायचं काय. तपासायला वह्या नाहीत. त्यात होटगीच्या माझ्या भाचीनं मला एक फोन आणून दिला. म्हणाली, “मावशी, आता बाहेर जेवायला जायचं झालं की यात बघायचं. कुठं काय चांगलं मिळतं ते लोक लिहितात, स्टार देतात.” मी उघडून बघते तर काय, वह्याच वह्या! आणि एकही तपासलेली नाही.

काय एकेक लोक लिहितात! एका शीक कबाबवाल्याला कुणीतरी एक स्टार दिला होता, का, तर “मी शाकाहारी आहे.” अरे मेल्या, मग तू तिथं गेलास कशाला? दुसऱ्या एकानं लिहिलं होतं की शेंगाचटणी तिखट लागली. सोलापुरात येऊन शेंगाचटणी तिखट लागली म्हणणाऱ्या माणसानं परत गाडीत बसावं. पाच स्टार देणारे तर त्याहून थोर. “मस्त.” “एकदम भारी.” एकानं चक्क लिहिलं होतं, “आपल्या भावाचं हॉटेल आहे, सर्वांनी यावे.” हायवेवरच्या एका हॉटेलात जेवण झाल्यावर वेटर फोन पुढं करून उभा राहिला, पाच स्टार दिले की गुलाबजाम फुकट. मी तीन दिले. गुलाबजाम काही आला नाही.

मग मला चेवच आला. रोज सकाळी चहाबरोबर फोन घ्यायचा, कालच्या भजीला काय द्यायचं, परवाच्या डोशाला काय द्यायचं, याचा विचार करायचा. भेळवाल्याला तीन. इडलीवाल्या अण्णाला साडेतीन द्यायचे होते, पण अर्धा देता येत नाही म्हणून तीनच. आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर बाया विचारायला लागल्या, बाई, नातू येणार आहे, कुठं न्यावं? तुम्ही लिहिता ते खरं असतं. मी अशी फुगले म्हणता! सगळं सोलापूर खोटं बोलतंय आणि एकटी मीच काय ती खरी, असं मला वाटायला लागलं होतं.

या भानगडीत माझे अकरा वाजायचे राहिले. म्हणजे घड्याळात वाजायचे, पण मी तेव्हा आंघोळीला चाललेली असायची. शाळेची घंटा नाही, धाक नाही. पेपर, फोन, आणखी एक चहा. अक्काकडं पोचायला दीड वाजायचा, कधी दोन. तोवर टेबलं भरलेली. मी कडेला कुठंतरी टेकायची. अक्का आतून भाकरी थापता थापता मान वर करून म्हणायची, “आलीस? बस.” बास, एवढंच. तिला बोलायला उसंत नसायची आणि मला वाटायचं, असू दे, गर्दी आहे.

आणि त्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की आमटीचं मीठ बिघडलंय. एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी खारट. अठरा वर्षं त्या आमटीत मी चूक काढली नव्हती, आणि आता ह्या बाईला झालंय काय? वय झालं असेल, मन थाऱ्यावर नसेल. तिला सांगावं असं रोज वाटायचं, पण आजूबाजूला पंधरा माणसं जेवत असायची. चार लोकांत तिला कसं बोलायचं म्हणून मी मूग गिळून गप्प बसले.

त्या सुमारास तिच्या मुलानं खानावळ फोनवर चढवली. फोटो, पत्ता, वेळ सगळं. मुलगा माझाच विद्यार्थी, आता कल्ल्यांवर पांढरे केस आलेत पण मला अजून बाई म्हणतो. तो म्हणाला, “बाई, तुमी पण लिवा की दोन ओळी. तुमचं लिवणं भारी असतंय.” मी म्हटलं, लिहिते. त्याच दुपारी घरी येऊन, चष्मा पुसून, मन लावून लिहिलं. जे लिहिलं ते मला आजही पाठ आहे:

“भाकरी उत्तम. शेंगाचटणी फारच चांगली. जागा स्वच्छ. मात्र हल्ली आमटीच्या मिठाचा मेळ नसतो, कधी अळणी तर कधी खारट. सुधारणेस वाव आहे.”

आणि पाचपैकी तीन. अहो, पाचात तीन म्हणजे साठ टक्के! फर्स्ट क्लास दिला होता मी तिला. जिनं जन्मात कुणाच्या निबंधाला दहापैकी आठ दिले नाहीत तिच्या हातून फर्स्ट क्लास म्हणजे काय थट्टा आहे? मी खूश होऊन फोन ठेवला. चार लोकांत बोलायला लाजणारी मी, जगाला वाचता येईल असं लिहून मोकळी झाले, आणि यात काही विपरीत आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

तीन-चार दिवसांनी गेले तर अक्का दारात उभी. ती कधी दारात येत नसे. पदर नीट खोचलेला, चेहरा असा की कुणी ओळखीचं नाही. “या म्याडम,” ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसत आत जायला निघाले तर तिनं हात टेबलाकडं केला. “हितं बसा म्याडम. पानी साधं का बाटलीतलं?” अठरा वर्षांत ह्या बाईनं मला अहोजाहो केलं नव्हतं. माझ्या पुढं ताट आलं, ताटाशेजारी कागदी रुमाल आला. कागदी रुमाल! त्या खानावळीत मी तो पहिल्यांदाच बघत होते. आतल्या दारातून दिसलं, माझा पाट भिंतीला उभा करून ठेवलेला होता. जेवण झाल्यावर ती पुन्हा आली आणि म्हणाली, “सगळं ठीक हुतं का म्याडम?” मी म्हटलं, “अक्का, काय चाललंय हे?” ती म्हणाली, “गिऱ्हाइकाला इचारावं लागतंय की.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि खरं सांगते, मला पश्चात्ताप नाही झाला, राग आला. नाकावरचा राग माझा, शाळेत प्रसिद्ध. खरं लिहिलं तर एवढं? मी काय खोटं लिहिलं? मीठ कमी होतं की नव्हतं? त्या हायवेवाल्यासारखे गुलाबजाम वाटून स्टार घ्यायचे होते तर तसं सांगायचं. मी ताडताड चालत घरी आले आणि ठरवलं, या बोळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

दोन महिने नाही टाकलं. स्टार बघून बघून जेवले. चार पूर्णांक सात स्टारवाल्या एका ठिकाणी पनीरच्या भाजीत इतकी साखर होती की ती पोळीत भरून पुरणपोळी झाली असती. वर काजू. लोकांनी लिहिलं होतं, “अँबियन्स छान.” म्हटलं, अँबियन्स खाऊन पोट भरतं का तुमचं? दुसरीकडं गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की मला माझा घास चावल्याचा आवाज येईना. सगळीकडं वेटर विचारायचा, “मॅम, फीडबॅक?” कुणीही मला मीठ बघ म्हणालं नाही. आणि आता बोलायचं तर स्पष्टच बोलते, मला अन्नाचं काही नव्हतंच. मला अक्काची आठवण यायची. अकरा वाजले की पाय आपोआप चपलेकडं जायचे. हातात मेथीची जुडी घेतली की वाटायचं, हिच्या काड्या कुणाच्या पुढ्यात टाकू?

मग घरी रांधायला लागले. आमटी करायची, मीठ टाकायची, चाखायची, आणि कळायचंच नाही. बरोबर आहे की कमी? पुन्हा चाखायची. तिसऱ्यांदा चाखली की जीभ बधिर. विचारायला घरात भिंती. एक दिवस खारट, एक दिवस अळणी. जिच्या आमटीला मी मार्क कापले होते, तंतोतंत तशी आमटी मी रोज करत होते. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, तशातली गत.

उजेड पाडला तो अक्काच्या सुनेनं, मंडईत, टोमॅटोच्या ढिगापाशी. मला बघून ती आधी वळणार होती, मग थांबली. लहानखुरी, हळू बोलणारी पोर, तिला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नाही. त्या दिवशी बोलली.

“बाई, एक सांगू का? राग येऊ दिऊ नका.”

“सांग की.”

“तुमी अकराला येत हुता तवा अत्तम्मा तुमच्याकडनं मीठ बघून घ्यायच्या.” सासूला ती अत्तम्मा म्हणते. “तुमी उशिरा यायला लागलाव. मग कोण बघनार? त्या तर तोंडाला लावत न्हाईत. मी म्हनले, मी बघते. तर म्हनल्या, न्हाय, ती येनार हाय. रोज अकराला पाट टाकायच्या बाई. साडेबारापतूर वाट बघायच्या. गिऱ्हाईक आलं की तसंच अंदाजानं वाढायचं.”

माझ्या हातातला टोमॅटो तसाच राहिला. ती पुढं बोलतच होती. रविवारी मुलानं सगळ्यांचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं होतं. अक्काला वाचता येत नाही, पण फोनवरचे ते पिवळे स्टार दिसतात. ती त्यांना चांदण्या म्हणते. माझं नाव आल्यावर मुलगा ते गाळून पुढं जायला लागला, तर तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, हे नीट वाच. त्यानं वाचलं. तो आईला समजावत होता की बाईंच्या हातून तीन म्हणजे लई झाले, मला शाळेत कधी दहापैकी सहाच्या वर मिळाले न्हाईत. अक्कानं ऐकून घेतलं. मग फोनवर बोट ठेवून एक-एक मोजल्या आणि विचारलं, “दोन कुटं गेल्या?”

“मिठाचं न्हाय काय बोलल्या,” सून म्हणाली. “एवडंच इचारलं. आन् उठून तुमचा पाट भित्तीला लावला.”

मी तिथं, भर मंडईत, लोक ढकलत असताना रडले. आता सांगायला लाज कसली! जिच्या मिठाची राखण माझ्याकडं होती तिच्याच मिठाबद्दल मी गावात बोंब मारली होती. अळणी आमटी मीच केली होती, उशिरा उठून. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात, मी तर मिठालाच दोष दिला.

“चल,” मी म्हटलं, “आत्ताच्या आत्ता चल. पाया पडते तिच्या.”

“त्या न्हाईत बाई,” ती म्हणाली. “सिरसिल्ल्याला गेल्या. माझी नणंद, त्यांची लेक, बाळंत झाली, जुळं हाय. तिकडं तिला सासू न्हाय. आठ दिस झाले.”

सिरसिल्ला तिकडं तेलंगणात, तेही मागांचंच गाव. आठ दिवस. आठ दिवस आधी मी टोमॅटो घ्यायला आले असते तर! घरी येऊन मी फोन काढला आणि ते लिहिलेलं उघडलं. आधी पाच स्टार केले. मग वाटलं, हे खोटंच झालं, गुलाबजामवाल्यासारखं. मग लांबलचक लिहायला घेतलं, की मिठाची चूक खानावळीची नसून माझी आहे, त्याचं असं झालं की. चार ओळी लिहिल्या आणि थांबले. पुण्या-मुंबईहून येऊन जेवायचं ठिकाण शोधणाऱ्या माणसाला माझं आणि अक्काचं काय करायचंय? सगळं पुसून टाकलं. पुसायला एक बोट लागलं आणि क्षणभर वेळ. तिच्या मनातून काही ते पुसलं गेलं नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी बोळात गेले. किती महिन्यांनी अकराला! शेगडी जाऊन आत आता ओटा झालाय, सून उभ्यानं रांधते. मी दारातच घुटमळले. कुठं बसावं कळेना. सुनेनं भिंतीचा पाट घेतला, पुसला आणि जुन्या जागी टाकला. समोर दुसराही टाकला, अक्काचा. मी म्हटलं, “तो कशाला?” ती म्हणाली, “एकच टाकला तर बरं दिसत न्हाय.”

वाटी माझ्या हातात दिली आणि तिनं फोन लावला, व्हिडिओचा. पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर आधी एका बाळाची टाळू दिसली, मग अक्का. दोन महिन्यांत वाळली होती. मी तिच्याकडं बघतेय, ती माझ्याकडं. मी मनात जे जे जुळवून आले होते त्यातलं एक अक्षर आठवेना. निबंधाची बाई मी, माझी पार बोबडी वळली.

“अक्का, चुकलं गं माझं,” एवढंच निघालं.

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “उप्पू चूडू.”

मी घोट घेतला. मीठ कमी होतं. आता आली का पंचाईत! सून समोर उभी, नवी नवी जबाबदारी, बिचारीचे डोळे माझ्या तोंडाकडं लागलेले. बरोबर आहे म्हटलं तर सगळं गोड होणार होतं. पण त्या बाईपुढं आता खोटं बोलायचं माझ्यात त्राण नव्हतं.

“कमी आहे,” मी म्हटलं.

“किती?”

“चिमूटभर. मोठी चिमूट.”

“घाल गं,” अक्का सुनेला म्हणाली. आणि मग तिच्या ओठाच्या कडेला ते जुनं हसू आलं. “अक्का, लिवू नको. सांगत जा.”

तेव्हापासून मी रोज अकराला जाते. भाची विचारते, मावशी, हल्ली स्टार देत नाहीस का? मी सांगते, बाई, माझी तपासणी संपली. लोक लिहितात ते खरं का खोटं, मला विचाराल तर दोन्ही असतं. मीठ बिघडलंय हे मी खरंच लिहिलं होतं. का बिघडलंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्या तीन ओळींत ते मावणारही नव्हतं.

अक्काचं येणं काही ठरत नाही. आधी म्हणाली, बाळांची मान बसू दे. मान बसली. मग म्हणाली, दात येऊ दे. आता दात आलेत आणि दोघं घरभर रांगतात, त्यांच्यामागं कोण धावणार? मला सगळं कळतं. मी म्हणते, सावकाश ये. फोन ठेवला की समोरच्या पाटाकडं बघते आणि एकटीच मेथी निवडते. सून ओट्याशी उभी असते, गुणी पोर आहे, पण तिच्याशी कुणाच्या नणंदेच्या बांगड्यांबद्दल बोलता येत नाही.

परवा अकराला मी बसले होते तेव्हा मुलगा फोन घेऊन आत आला. खानावळीबद्दल कुणी बाहेरगावच्या माणसानं नवीन लिहिलं होतं. तो माणूस आदल्या दिवशी सव्वाअकरालाच येऊन टेबलावर बसला होता, त्याला सांगितलं होतं की साडेबाराला वाढू. मुलगा म्हणाला, “आई लाइनवर हाय, तुमीच वाचून दावा बाई.” मी चष्मा लावला आणि फोनमधल्या अक्काला वाचून दाखवलं: “जेवण घरगुती. आमटीचं मीठ अगदी बरोबर. पण इथे दुजाभाव करतात. आम्ही भुकेले बाहेर ताटकळत असताना आत एक वयस्कर बाई पाटावर बसून निवांत जेवत होत्या. ओळखीच्यांना आधी वाढतात.”

“किती दिल्या?” अक्कानं विचारलं.

“तीन.”

“दोन कुटं गेल्या?”

तो प्रश्न मी सुनेच्या तोंडून ऐकला होता, अक्काच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

“माझ्यापायी गेल्या गं अक्का. मी हितं बसते म्हणून.”

पलीकडं एक बाळ रडायला लागलं, दुसऱ्यानं त्यात सूर मिळवला. अक्का उठली, फोन कलंडला, मला नुसतं छत दिसायला लागलं आणि तिचा आवाज तेवढा आला.

“जाऊ दे की गेल्या तर. तू बस.”

फोन बंद झाला. सुनेनं वाटी माझ्या हातात दिली. समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघत मी घोट घेतला आणि तिला सांगितलं, बरोबर आहे.